डिस्कला नाव कोणी द्यायचे?

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा माणसे असतात, कंपन्या असतात, यंत्रांचा वेग आणि किंमत असते. नावांचा इतिहास त्यात सहसा नसतो. पेनड्राइव्ह खोचला की पडद्यावर एक चित्र उमटते आणि आपण त्यावर टिचकी मारतो. पण ते चित्र उमटण्याआधी त्या वस्तूला यंत्राच्या आत एक नाव मिळावे लागते. ते नाव कोणीतरी ठरवावे लागते, आणि त्या नावाने ती वस्तू उघडण्याचा हक्क कोणाला, हेही ठरावे लागते. लिनक्स या मुक्त प्रणालीत या प्रश्नांवर वर्षानुवर्षे भांडणे झाली. ती सर्वांसमक्ष झाली म्हणून आज त्यांचा माग काढता येतो.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवताना संगणक दुरुस्त करायला शिकलो आणि दुरुस्त करता करता जुनी मॅन्युअल वाचायची सवय लागली. पुढचे विवेचन त्या वाचनातून आले आहे. तांत्रिक शब्द जिथे सोपे करता आले तिथे केले. उरलेले तसेच ठेवले, कारण दुकानात येणारा माणूसही तेच शब्द बोलतो.

न्यू जर्सीतल्या मरे हिल येथे, बेल लॅब्जमध्ये, १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली. जुलै १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात दोघांचा लेख आला, आणि युनिक्सची बाहेरच्या जगाला खरी ओळख झाली ती त्या लेखाने. त्यात एक कल्पना आहे, आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही: यंत्राला जोडलेले प्रत्येक उपकरण हीसुद्धा एक फाइलच. छपाईयंत्र, टेपयंत्र, डिस्क, समोरचा टाइपरायटर, सगळ्यांना एका ठरावीक डिरेक्टरीत एकेक नाव. त्या नावाच्या फाइलीत लिहिले की कागदावर उमटते, ती वाचली की टेप फिरू लागते. लेखकांनी याचे तीन फायदे सांगितले होते. फाइल आणि उपकरण यांच्याशी बोलण्याची रीत एकच राहते. फाइलीचे नाव मागणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला उपकरणाचे नाव देता येते. आणि फाइलींवर वाचण्या-लिहिण्याचे जे निर्बंध असतात तेच आपोआप उपकरणांवरही लागू होतात. माझ्या मते तिसरा फायदा सर्वांत दूरगामी ठरला, आणि सर्वांत डोकेदुखीचाही.

त्या डिरेक्टरीचे नाव ‘डिव्हाइस’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे, ‘डेव्ह’. रोमन लिपीतले ते नाव आपल्याकडची मुले पहिल्यांदा वाचतात तेव्हा ‘देव’ असेच वाचतात. मी ते दुरुस्त करायचे सोडून दिले आहे.

त्याच लेखात काढता-घालता येणाऱ्या फाइल-व्यवस्थेवर वेगळा भाग आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. यूएसबीच्या आधी ‘सुटी डिस्क’ हा प्रकारच नव्हता असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. लेखकांच्या पीडीपी-११ यंत्राला चार ड्राइव्ह होते, त्यांत प्रत्येकी २.५ मेगाबाइटची काढता येणारी डिस्क बसायची. शिवाय ४० मेगाबाइटचा डिस्क-पॅक घेणारा आणखी एक ड्राइव्ह. म्हणजे डिस्क उचलून कपाटात ठेवणे आणि दुसरी बसवणे हा रोजचाच प्रकार. त्यासाठी ‘माउंट’ ही क्रिया होती. तिला दोन नावे द्यायची, एक उपकरणाच्या फाइलीचे आणि दुसरे झाडातल्या एका जागेचे. मग त्या जागी सुट्या डिस्कवरचे सगळे झाड येऊन चिकटते. आजचा पेनड्राइव्ह याच क्रियेने उघडतो. फरक एवढाच की तेव्हा डिस्क बसवणारा आणि आज्ञा देणारा माणूस एकच होता, आणि कोणत्या ड्राइव्हमध्ये काय बसवले हे त्याला ठाऊक असायचे.

आता नावाच्या आत काय असते ते पाहू. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलनुसार फाइलींच्या अनुक्रमांकांतले ४१ च्या खालचे आकडे उपकरणांसाठी राखून ठेवलेले होते. पुढे ही व्यवस्था बदलली आणि ‘एमकेनॉड’ ही आज्ञा आली. तिला नाव द्यायचे, प्रकार द्यायचा आणि दोन आकडे द्यायचे: मोठा आणि छोटा. मोठा आकडा सांगतो, हे उपकरण कर्नलमधल्या कोणत्या चालकाच्या ताब्यात आहे. छोटा सांगतो, त्या चालकाच्या हाताखालचे हे कितवे.

आपल्याकडे शेतालाही अशाच दोन ओळखी असतात. तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर आणि हिस्सा. घरात ‘विहिरीचे’, ‘वडाखालचे’, ‘माळावरचे’. कोर्टात गट नंबर चालतो, जेवताना माळावरचे. कर्नल हा तलाठी आहे. त्याला नावाशी देणेघेणे नाही, तो आकडा पाहतो. लिनक्समध्ये मोठा आकडा ८ म्हणजे स्कझी जातीची डिस्क. ८ आणि ० म्हणजे पहिली डिस्क, जिला माणसे ‘एसडीए’ म्हणतात. ८ आणि १ म्हणजे तिचा पहिला हिस्सा. ८ आणि १६ म्हणजे दुसरी डिस्क, ‘एसडीबी’. ‘एसडीबी’ हे नाव पुसून त्याच आकड्यांनिशी ‘विहिरीचे’ नावाची फाइल केली तरी कर्नलला काही फरक पडत नाही.

हे आकडे मिळवायचे कोठून? १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये सरळ सांगितले आहे की ते प्रत्येक यंत्रावर वेगळे असतात, आणि कर्नलच्या मूळ संहितेतल्या एका विशिष्ट फाइलीत खणून काढावे लागतात. ही भाषा स्वतःचे यंत्र स्वतः बांधणाऱ्या माणसासाठी होती. त्या माणसाचे काम सोपे करायला पुढे ‘मेकडेव्ह’ नावाची लिपी आली. ती त्याच डिरेक्टरीत ठेवलेली असे, आणि ती चालवली की लागणाऱ्या सगळ्या फाइली एका दमात तयार होत. गृहीत तेच राहिले: यंत्रात काय आहे हे आधी माहीत असते, आणि ते क्वचित बदलते.

या गृहीताला पहिला सुरुंग फ्लॉपीने लावला. फ्लॉपीचा ड्राइव्ह एकच, पण आत येणारी तबकडी कधी ७२० किलोबाइटची, कधी १.४४ मेगाबाइटची. लिनक्सने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: एकाच ड्राइव्हला अनेक नावे. ‘एफडी-शून्य’ म्हणजे पहिला ड्राइव्ह, काय आहे ते स्वतः ओळखा. आणि त्यालाच १४४० हा आकडा जोडलेले नाव म्हणजे पहिला ड्राइव्ह, पण आतली तबकडी १४४० किलोबाइटची समजा. छोटा आकडा इथे ‘कितवे उपकरण’ एवढेच सांगत नाही, ‘कोणत्या नजरेने पाहायचे’ हेही सांगतो. व्याकरणात एकाच धातूला वेगवेगळे प्रत्यय लागावेत तसे.

दुसरा प्रश्न हक्काचा होता. माउंट करणे हे मुळात मुख्य व्यवस्थापकाचे, ‘रूट’चे काम. घरच्या संगणकावर दर वेळी रूट होणे कटकटीचे, म्हणून डिस्कांची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ या फाइलीत एखाद्या ओळीला ‘यूजर’ हा शब्द जोडायची सोय झाली. मग कोणीही ती फ्लॉपी माउंट करू शकतो. मात्र तो शब्द लिहिला की त्याच्यासोबत आणखी तीन बंधने आपोआप येतात, आणि त्यांतले एक आहे ‘नोडेव्ह’. म्हणजे या सुट्या डिस्कवर उपकरण-फाइल सापडली तर तिला उपकरण मानू नये.

हे बंधन का, ते समजले की सगळी रचना उलगडते. उपकरण-फाइल म्हणजे नाव, दोन आकडे आणि कोणाला परवानगी याची नोंद. समजा मी घरी, जिथे मीच रूट आहे, एका फ्लॉपीवर ८ आणि ० आकड्यांची फाइल बनवली आणि तिच्यावर ‘सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा’ असे लिहिले. ती फ्लॉपी कॉलेजच्या संगणकात घालून माउंट केली. कॉलेजच्या स्वतःच्या डिरेक्टरीतली पहिल्या डिस्कची फाइल कुलूपबंद असेल. पण माझ्या फ्लॉपीवरची फाइलही त्याच डिस्ककडे बोट दाखवते, आणि तिला कुलूप नाही. मी त्या यंत्रातला प्रत्येक बाइट वाचू शकतो, खोडू शकतो. दुसऱ्या गावच्या तलाठ्याने लिहिलेला उतारा आपल्या गावात आणून त्यावर जमीन विकावी तसा हा प्रकार. म्हणून नियम झाला: बाहेरून आलेल्या दप्तरातले गट नंबर ग्राह्य नाहीत. रिची-थॉम्पसन यांच्या तिसऱ्या फायद्याची ही दुसरी बाजू. हक्क फाइलीवर लिहायचे ठरवले की फाइल कोणी लिहिली हा प्रश्न टाळता येत नाही.

लिनक्सबाहेर इतरांनीही हा गुंता हाताळला होता. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ च्या सोलारिस २.२ मध्ये एक पहारेकरी प्रोग्रॅम ठेवला. सीडी घातली की तो स्वतः माउंट करी. फ्लॉपीचा ड्राइव्ह मात्र ‘माझ्यात काहीतरी आले’ असे आपणहून कळवत नसे, म्हणून वापरणाऱ्याने ‘व्हॉलचेक’ अशी आज्ञा देऊन पहारेकऱ्याला जागे करायचे. सनच्या अनेक वर्कस्टेशनांच्या फ्लॉपी ड्राइव्हला बाहेर काढायचे बटणच नव्हते. काढण्याचीही आज्ञा द्यावी लागे. ही सक्ती शहाणपणाची होती. युनिक्स लिहायचे ते आधी स्मृतीत साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते, त्यामुळे मध्येच डिस्क उपटली तर अर्धे लिखाण वर आणि अर्धे खाली अशी अवस्था होते. जुने लोक ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा देत असत. पहिलीने काम होते, उरलेल्या दोन लिहीपर्यंत डिस्क थांबायला वेळ मिळतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

यूएसबी १.० चे मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. त्याच्या शिल्पकारांत इंटेलचे अजय भट्ट होते. ते मूळचे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००० साली सिंगापूरच्या ट्रेकने आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्सने खिशात मावणाऱ्या स्मृतिकांड्या बाजारात आणल्या. दुसरी आयबीएमच्या नावाने विकली गेली, ८ मेगाबाइटची. या कांड्यांशी बोलण्याची भाषा नवी घडवण्याऐवजी जुन्या स्कझी डिस्कांचीच घेतली गेली. त्यामुळे लिनक्सला पेनड्राइव्ह ही एक स्कझी डिस्कच वाटते, आणि मोठ्या सर्व्हरांतल्या डिस्कांसाठी राखलेले ‘एसडी’ हे घराणे या खिशातल्या पोरांनाही मिळाले. आजही पेनड्राइव्हचे नाव ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ येते ते या वारशाने. एसडी कार्डाशी त्याचा संबंध नाही, जरी दुकानात रोज कोणीतरी तसे समजतो.

घराण्यात गर्दी झाली. मोठा आकडा आणि छोटा आकडा मिळून १६ बिट, म्हणजे प्रत्येकी २५६ पर्यंतच जागा. एका डिस्कला स्वतःसाठी आणि १५ हिश्श्यांसाठी मिळून १६ छोटे आकडे लागतात; म्हणजे मोठा आकडा ८ खाली १६ डिस्का. पुढचे मोठे आकडे मिळवत ही संख्या वाढवली गेली, पण मोठे आकडेही मोजकेच. आकड्यांचे वाटप करणारी एक नोंदवही होती, आणि २००१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी नव्या आकड्यांचे वाटपच बंद केले. दुसरीकडे प्रत्येक शक्य उपकरणासाठी फाइल आधीच बनवून ठेवायची पद्धत चालू होती. मार्च २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये त्या डिरेक्टरीत १८ हजारांहून अधिक नोंदी होत्या. यंत्रात उपकरणे असतील वीस-पंचवीस. तेहतीस कोटी नव्हेत, पण अठरा हजार देव, आणि त्यांतले बहुतेक मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यातले.

यावरचा पहिला उपाय रिचर्ड गूच यांचा ‘डेव्हएफएस’. २००० साली तो विकासाधीन कर्नलमध्ये आला आणि जानेवारी २००१ च्या २.४ सोबत सर्वांपर्यंत पोचला. कल्पना सरळ: जे उपकरण खरोखर आहे त्याचीच फाइल दिसावी, आणि ती कर्नलने स्वतः बनवावी. पेनड्राइव्ह खोचला की नाव उगवते, काढला की मावळते. मग त्यावर एवढे काहूर का?

एक कारण निव्वळ कारागिरीचे. नाव उगवणे आणि मावळणे एकाच क्षणी घडले तर काय, या प्रश्नाला त्या संहितेकडे धड उत्तर नव्हते. अल व्हायरो यांनी तिच्यावर कडक शब्दांत टीका केली आणि बराच भाग स्वतः दुरुस्त केला. पण माझ्या मते खरे कारण दुसरे होते. डेव्हएफएसने नावेही कर्नलमध्ये ठरवली. ‘एसडीए’ऐवजी यजमान शून्य, बस शून्य, लक्ष्य शून्य, उपक्रमांक शून्य, आणि शेवटी डिस्क, अशी लांबलचक वाट. हा घरपत्ता झाला, नाव नव्हे. वस्तू कोठे बसली आहे हे तो सांगतो, वस्तू कोणती हे सांगत नाही. भिंतीला बसवलेल्या डिस्कला पत्ता पुरतो. जी वस्तू सकाळी एका खाचेत आणि संध्याकाळी दुसऱ्या खाचेत असते तिला पत्त्याने ओळखणे म्हणजे फिरत्या विक्रेत्याला तो काल उभा होता त्या चौकाने ओळखणे. शिवाय तो पत्ता कोणाला बदलायचा असेल तर सोय नाही. कर्नलने ठरवले ते ठरले.

जुलै २००३ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिसंवादात ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’वरचा निबंध मांडला. तो मी अनेकदा वाचला आहे. त्यातली मांडणी वकिलाच्या कैफियतीसारखी आहे. कर्नलने फक्त दवंडी पिटायची: अमुक प्रकारचे उपकरण आले, त्याचे आकडे हे. त्याच सुमारास पॅट्रिक मोशेल यांच्या कामातून ‘सिसएफएस’ ही व्यवस्था आली होती. तिच्यात प्रत्येक उपकरणाचा निर्माता, नमुना, अनुक्रमांक असा तपशील वाचता येतो. नाव ठरवण्याचे काम कर्नलबाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमने करायचे, तेही व्यवस्थापकाने लिहिलेल्या नियमांप्रमाणे. नियमाची एक ओळ: या अनुक्रमांकाची डिस्क आली तर तिला हे नाव, हा गट, ही परवानगी. म्हणजे पहिल्यांदाच वस्तूला वस्तू म्हणून ओळखून नाव देता येऊ लागले, ती कोणत्याही खाचेत येवो. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आले, त्यात आकड्यांची जागा ३२ बिट झाली, १२ मोठ्यासाठी आणि २० छोट्यासाठी, आणि डेव्हएफएसवर ‘कालबाह्य’ असा शिक्का पडला. २००६ मध्ये, २.६.१८ या आवृत्तीत, तो काढूनच टाकला गेला.

यूडेव्ह जिंकला तो अधिक चांगल्या संहितेमुळे, असे सर्वत्र लिहिलेले सापडते. ते अर्धेच खरे वाटते. नाव ठेवण्याचा अधिकार त्याने केंद्राकडून काढून यंत्राच्या मालकाला दिला, आणि लिनक्स चालवणारा माणूस स्वतःला मालक समजतो.

हा वाद दूर कुठे अमेरिका-कॅनडात चालला होता, त्याचे आपल्याला काय, असे वाटू शकेल. म्हणून एक प्रसंग सांगतो. २००८ च्या आसपास आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने जुन्या साप्ताहिकांचे स्कॅनिंग हाती घेतले होते. अकरा महिन्यांचे काम एका बाह्य डिस्कवर होते, आणि रोज रात्री एक लिपी त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर तंतोतंत प्रत उतरवी. मूळ डिस्कवर जे नाही ते प्रतीवरूनही पुसून टाकायचे, अशी ती लिपी होती. एफएसटॅबमध्ये मूळ डिस्क ‘एसडीबी’ आणि प्रतीची ‘एसडीसी’ अशी नोंद होती. प्रतीची डिस्क बिघडली म्हणून नवी कोरी आणली, लावली. त्याच दिवशी वीज गेली आणि आली. यंत्र पुन्हा सुरू होताना नव्या डिस्कने आधी हजेरी लावली. कर्नलने हजेरीच्या क्रमाने तिला ‘एसडीबी’ म्हटले. रात्री लिपी इमानेइतबारे चालली, आणि कोऱ्या डिस्कची तंतोतंत प्रत अकरा महिन्यांच्या कामावर उतरली.

सकाळी मला बोलावले गेले. पुसलेल्या डिस्कवरून चित्रे खणून काढणारी मुक्त साधने असतात. त्यांनी बरीचशी पाने परत दिली. फाइलींची नावे परत आली नाहीत. कोणते साप्ताहिक, कोणता अंक, कितवे पान, हे सगळे त्या नावांत होते. आता हजारो निनावी पाने होती. मूळ कागद पुन्हा स्कॅन करावेत तर त्यांतले बरेच खंड बांधणीला जाऊन आले होते आणि बांधणाऱ्याने कडा छाटल्या होत्या. शेवटच्या स्तंभातली अक्षरे फक्त त्या चित्रांत उरली होती. दोन निवृत्त शिक्षकांनी मजकूर वाचून, जाहिरातींतल्या तारखा पाहून पाने लावायला घेतली. वर्ष-दीड वर्ष ते काम चालले.

या प्रसंगाच्या आधीच उपाय उपलब्ध होता. यूडेव्हच्या नियमांतून एक उपडिरेक्टरी तयार होत असे, अजूनही होते; तिच्यात प्रत्येक डिस्कला अनेक नावे असतात: एक अनुक्रमांकावरून, एक पत्त्यावरून, एक तिच्या लेबलवरून आणि एक यूयूआयडीवरून. यूयूआयडी म्हणजे डिस्क सजवताना तिच्या फाइल-व्यवस्थेत लिहिला जाणारा १२८ बिटांचा यादृच्छिक आकडा. उबुंटूने ऑक्टोबर २००६ च्या ६.१० आवृत्तीत एफएसटॅबमध्ये ‘एसडीए’ची जात बदलून यूयूआयडी लिहायला सुरुवात केली. त्यालाही तातडीचे कारण होते. जुन्या आयडीई डिस्कांना ‘एचडीए’ म्हणत. त्यांचा चालक बदलला आणि त्याही ‘एसडी’ घराण्यात आल्या. मे २००७ च्या फेडोरा ७ मध्ये हा बदल झाला तेव्हा नावांवर विसंबलेली जुनी यंत्रे सुरूच होईनात. आपल्याकडे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुनी खरेदीखते आणि नवे उतारे जुळवताना ज्यांच्या चपला झिजल्या त्यांना हे वेगळे समजवायला नको.

वापरणाऱ्याच्या बाजूची कथा थोडक्यात आटोपतो, कारण ती घाईगडबडीचीच आहे. २००३ मध्ये हॅवक पेनिंग्टन यांनी हार्डवेअर विनासायास चालावे अशी मागणी करणारा लेख लिहिला. त्यातून ‘हॅल’ हा मध्यस्थ आला. डेव्हिड झॉयथेन यांनी तो बांधला, आणि काही वर्षांत तो इतका फुगला की त्यांनीच तो मोडीत काढला. त्याच्या जागी आलेला ‘यूडिस्क्स’ आज टिकून आहे. पडद्यावर उमटणारे पेनड्राइव्हचे चित्र बहुतेक ठिकाणी त्याच्याकडून येते, आणि समोर बसलेल्या माणसाला रूट न होता माउंट करू देणारा तोच.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ कर्नलमध्ये ‘डेव्हटीएमपीएफएस’ आले. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून उपकरण-फाइली पुन्हा कर्नलनेच बनवायच्या. डेव्हएफएस मागच्या दाराने परत आला, अशी टीका झाली. त्यानंतर काही वर्षांत यूडेव्हने उपकरण-फाइलीचे मूळ नाव बदलण्याची सोयच काढून टाकली. आता त्याच्या नियमांतून फक्त टोपणनावे, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे, ठेवता येतात. नाव ठेवण्याच्या हक्कासाठी जन्मलेल्या प्रोग्रॅमने तो हक्क सोडला. मला यात हार दिसत नाही. सरकारी नाव एक आणि हाकेची नावे हवी तितकी, ही तडजोड आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

वस्तूने स्वतःची ओळख सांगायची म्हटले की ती खोटे सांगू शकते, हेही ओघाने आले. मानकाप्रमाणे प्रत्येक यूएसबी डिस्कला वेगळा अनुक्रमांक हवा. स्वस्त पेनड्राइव्हांच्या अख्ख्या खोक्याला एकच आकडा दिलेला मी पाहिला आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर यूयूआयडीचीही प्रत निघते आणि दोन डिस्का एकाच नावाने उभ्या राहतात. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम बदलून तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि आज्ञा टंकतो, हे दाखवून दिले. नियमांच्या ओळी तिथे लुळ्या पडतात.

लेबलचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो आपल्या लिपीचा आहे. लेबल हे एकच नाव असे आहे जे साध्या माणसाला स्वतः देता येते, आणि यूडेव्ह ते देवनागरीतही जसेच्या तसे दाखवतो. अडचण जागेची. लिनक्सच्या नेहमीच्या ‘एक्स्ट-४’ फाइल-व्यवस्थेत लेबलला १६ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे पाच चिन्हे. ‘मुंबई’ बरोबर पाच, ती बसते. ‘पुणे’ चार, तेही बसते. ‘सातारा’ सहा, बसत नाही. ‘दिवाळी’ही सहा, तीही नाही. पेनड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या ‘फॅट’ व्यवस्थेत ११ बाइट आहेत, पण ते जुन्या कोडपृष्ठाचे, तिथे देवनागरीला प्रवेशच नाही. ‘एक्सफॅट’मध्ये युनिकोडची ११ चिन्हे मावतात. वाचनालयाच्या आताच्या दोन्ही डिस्का एक्स्ट-४ च्या आहेत. एफएसटॅबमध्ये त्यांचे यूयूआयडी लिहिले आहेत, आणि लेबल म्हणून एकीला ‘मूळ’ आणि दुसरीला ‘प्रत’ असे नाव आहे. पहिला शब्द तीन चिन्हांचा भरतो, दुसरा चार.